गाणं उजव्या मेंदूत, बोलणं डाव्यात?

‘डावा मेंदू भाषेचा, उजवा गाण्याचा’ हे वाक्य शिकवणीच्या जाहिरातींपासून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत फिरत असतं. अर्धंच खरं आहे ते. १८६१ मध्ये ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत डावीकडची इजा दाखवली. पुढे लोकांनी सरसकट वाटणीच करून टाकली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या मिरवणुकीत, नागपूरच्या इतवारीत उभे राहा. ढोलताशांच्या गदारोळातून ‘घेऊन जा गे मारबत!’ ऐकू येतं. यात शब्द आहेत, चालही आहे. मग कुठे पाठवायचं? कानातून निघालेला संदेश मेंदूच्या देठातच दोन्हीकडे वाटला जातो. तिथल्या काही पेशी दोन कानांत आवाज पोचण्यातला मिलिसेकंदाहून लहान फरक ओळखतात, त्यावरून आरोळीची दिशा कळते. पुढे दोन्ही बाजूंची श्रवणकेंद्रं राबतात. कल असतो, एवढंच: अक्षरांचे झटपट बदल डावीकडे, सुरांचे बारकावे उजवीकडे जास्त.

आपलं ‘काय बे’ घ्या. प्रेमाचं की भांडणाचं, हे सुरावरूनच कळतं. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेल्या काही रुग्णांना शब्द नीट समजतात, त्यातला राग किंवा थट्टा मात्र कळत नाही.