चुंबक चिकटलं नाही म्हणजे चांदी खरी?

धनत्रयोदशी जवळ आली की नाशिकच्या सराफ बाजारात चांदीची निरांजनं, ताम्हनं, नाणी घ्यायला झुंबड उडते. त्याच सुमारास फोनवर एक सल्ला फिरू लागतो : चुंबक लावून बघा, चिकटलं नाही तर चांदी अस्सल. या सल्ल्यावर विसंबून माणसं फसतात, म्हणून हा लेख. तांबं, पितळ, शिसं, जर्मन सिल्व्हर, कशालाच चुंबक चिकटत नाही. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल; त्यात चांदी नावालाही नसते, आणि मिश्रणात मुरलेलं निकेल चुंबकाला ओढत नाही.

चिकटलं, तर मात्र आत लोखंड किंवा निकेलसारखं काही आहे हे नक्की. पण पैंजणाच्या नुसत्या फाशाला चिकटलं म्हणून सराफाशी भांडू नका, तिथली बारीक स्प्रिंग पोलादी असू शकते. आजीच्या डब्यातला १९४७ चा रुपया चुंबकाला टक्कन चिकटतो, कारण तो निकेलचाच पाडला होता.

खरी मजा चिकटण्यात नाही, घसरण्यात आहे. चांदीची जाड लगड तिरकी धरा आणि तिच्यावरून छोटं, जोरदार निओडिमियम चुंबक सोडा. ते सुळकन खाली जात नाही. कुणीतरी मागून धरल्यासारखं सावकाश उतरतं. असं का होतं? चुंबक सरकलं की लगडीच्या प्रत्येक भागातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं, आणि बदलतं क्षेत्र धातूत वीज खेळवतं, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. गोदावरीला पूर आल्यावर पुलाच्या खांबांमागे भोवरे उठतात, तसे विजेचे भोवरे धातूत उठतात. त्यांची दिशा नेहमी मूळ बदलाला विरोध करणारी असते. हा लेंझचा नियम, १८३४ चा. चुंबकाच्या पुढचा भोवरा त्याला ढकलतो, मागचा ओढून धरतो. वेग वाढला की विरोधही वाढतो, म्हणून थोड्याच अंतरात चुंबक एका संथ, ठरावीक वेगाने उतरू लागतं.

हा वेग धातूच्या वाहकतेवर, म्हणजे वीज वाहू देण्याच्या क्षमतेवर ठरतो. वाहकता जास्त, तितकं चुंबक सावकाश. आणि सामान्य तापमानाला चांदीइतका चांगला वाहक धातू दुसरा नाही. चांदीची वाहकता १०० धरली तर तांबं साधारण ९५, ॲल्युमिनियम ६०, पितळ २५ च्या आसपास, शिसं ८ आणि जर्मन सिल्व्हर जेमतेम ५-६. तांब्यात निकेल मिसळलं की अणूंच्या शिस्तबद्ध रांगा बिघडतात, इलेक्ट्रॉन पावलोपावली विखुरतात आणि भोवरे दुबळे पडतात. चांदीत तांबं मात्र फारसं विरघळत नाही, बरंचसं वेगळ्या कणांच्या रूपात राहतं. त्यामुळे ९२.५ टक्क्यांच्या चांदीतही वाहकता फारशी घसरत नाही, आणि ९२.५ व ९९.९ मधला फरक चुंबकाने डोळ्यांना कळत नाही. मला यातलं सर्वांत आवडतं ते हे, की चुंबकाचं क्षेत्र मुलाम्याला फसत नाही. वर काही मायक्रॉन चांदी आणि आत पितळ असेल, तर चुंबक आतल्या पितळाचीच साक्ष देतं.

आतलं तांबं मात्र निसटतं. तिथे पाणी कामाला येतं. वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि १०० ग्रॅमची लगड दोऱ्याने पाण्यात लोंबकळती बुडवा, तळाला टेकू न देता. चांदी असेल तर काटा सुमारे ९.५ ग्रॅम दाखवेल, तांबं असेल तर ११.२, शिसं असेल तर ८.८. घनतेने चांदीच्या त्यातल्या त्यात जवळ जाणारं शिसं घसरणीत उघडं पडतं आणि घसरणीत चांदीची बरोबरी करणारं तांबं पाण्यात.

चांदी काळी पडली की ती खोटी, किंवा घालणाऱ्याला ग्रहपीडा, असंही सांगितलं जातं. तो काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा असतो. हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी तो खऱ्या चांदीवरही बसतो. ग्रहांचा त्यात काडीचा संबंध नाही.

पोकळ मूर्ती, लाखेने भरलेले दागिने, साखळीचे पैंजण यांच्या बाबतीत या युक्त्यांवर विसंबता येत नाही. साखळीत भोवऱ्यांना फिरायला सलग धातूच मिळत नाही. तिथे सराफाकडून टंच, म्हणजे शुद्धतेची तपासणी, काढून घ्यावा, आणि नवी वस्तू घेताना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, मागावा.