गाडी नेमकी कुठे अडते? जुन्या कार्ब्युरेटरचे निदान

१ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींवर कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, जागी फ्युएल इंजेक्शन आले. तरीही १९८५ साली आलेली सीडी १०० किंवा १९९४ सालची स्प्लेंडर आजही गावोगावी रोजच्या कामात आहे. अशी गाडी कुरकुरू लागली की अनेकदा थेट नवा कार्ब्युरेटर बसवला जातो. माझ्या मते बहुतेक वेळा त्याची गरज नसते. मूठ किती पिळलेली असताना गाडी अडते, एवढे नीट पाहिले तरी दोष कुठे आहे याचा निम्मा उलगडा होतो.

यामागचे विज्ञान समजायला सोपे आहे. कार्ब्युरेटरच्या मधोमध एक अरुंद गळा असतो, ज्याला इटालियन भौतिकशास्त्रज्ञ जोव्हान्नी बातिस्ता व्हेंचुरी यांच्या नावावरून व्हेंचुरी म्हणतात. इंजिनाने ओढलेली हवा या गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब उतरतो, तर खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब कायम असतो. दाबातील या फरकामुळे पेट्रोल जेटमधून, म्हणजे नेमक्या मापाचे बारीक छिद्र असलेल्या पितळी तुकड्यातून, वर ढकलले जाते आणि फवाऱ्यासारखे हवेत मिसळते. वजनाने साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल मिळाले, तर ते पूर्ण जळते.

मूठ सोडलेली असताना मात्र गळ्यातला पिस्टन (हा इंजिनाचा पिस्टन नव्हे, तर मूठ पिळली की वर सरकून गळा उघडणारा भाग) जवळजवळ खाली बसलेला असतो, हवेचा प्रवाह क्षीण असतो आणि मुख्य जेटमधून पेट्रोल वर येत नाही. या वेळी पिस्टनच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रातून पायलट जेट पेट्रोल पुरवतो. त्यामुळे चोक (मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणारा खटका) दिल्यावरच गाडी सुरू राहते, चोक काढला की सिग्नलवर बंद पडते, पण रस्त्यावर वेगात बरी चालते, अशी तक्रार असेल तर संशय आधी पायलट जेटवर घ्यावा.

आमच्या घरी वडिलांची जुनी शंभर सीसीची गाडी एकदा पावसाळाभर पडवीत उभी राहिली आणि दसऱ्याला पुसून बाहेर काढली, तेव्हा तिचे नेमके असेच झाले होते. पितळी पायलट जेट काढून उजेडाकडे धरला, तर त्यातून उजेडाचा ठिपकासुद्धा दिसत नव्हता. वाटीतल्या पेट्रोलमधले हलके घटक उडून गेले होते आणि मागे राहिलेला पिवळट, चिकट थर अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान छिद्रात घट्ट बसला होता. जेट कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजत ठेवून त्यातून हवेचा झोत मारल्यावर उजेडाचा गोल ठिपका दिसू लागला. तार किंवा सुई मात्र छिद्रात कधीही घालू नये, कारण पितळ मऊ असते आणि छिद्र किंचित जरी वाढले, तरी त्या जेटचे माप कायमचे बिघडते.

पाव ते पाऊण मुठीदरम्यान पिस्टनला लटकलेली निमुळती सुई पेट्रोलचे प्रमाण ठरवते. हजारो किलोमीटर वर-खाली होऊन सुई आणि तिची नळी झिजली की त्यांच्यामधली फट वाढते, ॲव्हरेज घटते आणि प्लग काजळीने काळा होतो. पूर्ण मूठ पिळल्यावर गाडी दम सोडत असेल, तर मुख्य जेट तपासावा, पण त्याआधी पेट्रोल कॉकची जाळी आणि टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र पाहावे. ते छिद्र बुजले असेल तर गाडी काही किलोमीटर धावून बंद पडते आणि झाकण उघडताच फुस्स असा आवाज येतो.

मूठ सोडल्यावरही रेस लवकर उतरत नसेल, तर आधी केबल अडकत नाही ना, हे पाहावे. ती मोकळी असेल तर कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडाला तडा जाऊन जास्तीची हवा आत शिरत असण्याची शक्यता असते. चोक अर्धवट ओढल्यावर इंजिन सुधारले, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचे त्यावरून कळते. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल, तर फ्लोटच्या, म्हणजे वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी राखणाऱ्या भागाच्या, सुईखाली कचरा अडकलेला असतो, सुईचे टोक झिजलेले असते किंवा फ्लोटलाच छिद्र पडलेले असते.

इथेनॉलकडे जुन्या गाडीच्या मालकाने आता विशेष लक्ष द्यायला हवे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन आधीच असल्यामुळे जुन्या जेटच्या मापाने मिश्रण थोडे पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, जुने रबर फुगू शकते आणि इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषून घेते. ओलावा फार झाला तर पाणी वेगळे होऊन वाटीच्या तळाशी साचते. गाडी थंड असताना, आगीपासून दूर, मोकळ्या जागेत वाटीखालचा स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घेतले, तर तळाशी पाण्याचे थेंब वेगळे दिसतात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर वाटी अशीच रिकामी करून ठेवावी.

सफाईनंतर इंजिन पूर्ण गरम करूनच मिश्रणाचा स्क्रू लावावा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो बाहेर काढल्याने हवा वाढते आणि इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोल वाढते, हा भेद विसरल्यामुळे कित्येक गाड्या उलट बिघडतात. रेस जिथे सर्वांत जास्त आणि एकसारखी लागते तिथे स्क्रू ठेवून मग रेस हव्या त्या पातळीवर उतरवावी आणि आठ-दहा किलोमीटर चालवून प्लग पाहावा: पांढुरका असेल तर पेट्रोल कमी, काळा असेल तर जास्त आणि फिकट तपकिरी असेल तर स्क्रूला पुन्हा हात लावू नये.