आत्मनिरीक्षणातून व्यक्तिमत्त्वप्रकाराची ओळख

आपले वागणे, आवडीनिवडी आणि मनात उमटणाऱ्या प्रतिक्रिया न्याहाळून स्वतःच्या स्वभावाची घडण ओळखण्याची पद्धत. ‘मी अंतर्मुख आहे’ असे आज शाळकरी मूलही सहज म्हणते. ही भाषा रुळवली ती स्विस मनोचिकित्सक कार्ल गुस्टाफ युंग (१८७५–१९६१) यांनी, आणि प्रस्तुत नोंद मुख्यतः त्यांच्या प्रकारविचाराविषयी आहे.

हा विचार एका तुटलेल्या नात्यातून आला. १९१३ च्या सुमारास सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी युंग यांचे संबंध संपले. आल्फ्रेड आडलर त्याआधीच फ्रॉइडपासून दूर झाले होते. तिघेही मनाचेच अभ्यासक. मग एकाच आजाराची त्यांची मीमांसा इतकी वेगळी का, हा प्रश्न युंग यांना पडला. पाहणाऱ्याची घडणच वेगळी असते, असे त्यांचे उत्तर होते. फ्रॉइड यांचा भर माणसाच्या बाहेरच्या व्यक्तिवस्तूंशी असलेल्या नात्यावर, तर आडलर यांचा त्याच्या स्वतःच्या स्थानावर. सप्टेंबर १९१३ मध्ये म्युनिकच्या परिषदेत युंग यांनी ही कल्पना मांडली आणि १९२१ मध्ये त्यावर जर्मन ग्रंथ प्रसिद्ध केला. मधल्या वर्षांत ते स्वतःची स्वप्ने आणि कल्पनाचित्रे वह्यांत टिपून ठेवत होते. त्यांतून घडलेले ‘लाल पुस्तक’ २००९ मध्ये प्रकाशित झाले. म्हणजे सिद्धांत आणि आत्मनिरीक्षण यांची वाटचाल बरोबरीनेच चालली होती.

युंग यांच्या मते मनाचा ओढा आत किंवा बाहेर असतो आणि विचार, भावना, संवेदन (इंद्रियांनी जाणणे) व अंतःप्रज्ञा (आतून सुचणारी जाण) या चार कार्यांपैकी एक कार्य वरचढ असते. दोन ओढे आणि चार कार्ये मिळून आठ प्रकार होतात. येथे ‘भावना’ म्हणजे भावनाविवशता नव्हे. एखादी गोष्ट आपल्याला मोलाची वाटते की नाही, हे ठरवण्याची ती रीत आहे. हा फरक निसटल्यामुळे पुष्कळ वाचक स्वतःचा प्रकार चुकवतात.

प्रकार स्वतःच ओळखणे युंग यांना सोपे वाटत नव्हते. स्वतःविषयीचा निवाडा बहुधा गढूळ असतो, असे त्यांनी ग्रंथाच्या आरंभीच म्हटले आहे, कारण मन आपला एकांगीपणा भरून काढण्यासाठी उलट बाजूही पुढे करत असते. येथे त्यांच्या सहकारी मारी-लुइझ फॉन फ्रान्त्स (१९१५–१९९८) यांनी सुचवलेली वाट मोलाची आहे. प्रकार उलगडत नसेल तर माणूस सर्वांत जास्त कुठे सोसतो, कोणत्या ठिकाणी पुन्हा पुन्हा डोके आपटतो, ते पाहावे. तिथे त्याचे सर्वांत अविकसित कार्य सापडते, आणि त्याच्या विरुद्ध टोकाचे कार्य (भावनेच्या उलट विचार, संवेदनाच्या उलट अंतःप्रज्ञा) हे त्याचे बलस्थान. एरवी प्रत्येक गोष्ट तर्काने तोलणारा माणूस दमल्यावर एखाद्या किरकोळ शब्दाने दिवसभर दुखावलेला राहतो. असा प्रसंग रोजनिशीत प्रामाणिकपणे लिहिला, तर ‘मला काय आवडते’ या प्रश्नाच्या दहा उत्तरांपेक्षा तो अधिक सांगून जातो.

अमेरिकेत कॅथरिन कुक ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी युंग यांच्या विचाराला प्रश्नावलीचे रूप दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आकार घेतलेल्या या चाचणीत (मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर, एमबीटीआय) सोळा प्रकार आहेत. रीतसर घेतली असता निकाल हे अंतिम उत्तर मानले जात नाही. वर्णने वाचून स्वतःला जुळणारा प्रकार त्या व्यक्तीनेच ठरवायचा असतो. कार्यशाळांच्या घाईत नेमका हाच भाग गाळला जातो, ही खेदाची गोष्ट आहे. काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा दिल्यास अनेकांचा प्रकार बदलतो, हा तिच्यावरचा मोठा आक्षेप आहे. माणसांवर चिठ्ठ्या चिकटवणे हा पोरखेळ असल्याचे खुद्द युंग यांनीच, ही चाचणी येण्यापूर्वी, आपल्या ग्रंथाच्या एका प्रस्तावनेत लिहिले होते.

‘वर्णन अगदी जुळते’ ही भावनाही फसवी असू शकते. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाचे एकच वर्णन ‘फक्त तुमचे’ म्हणून दिले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. रिचर्ड निस्बेट व टिमोथी विल्सन यांनी १९७७ मध्ये दाखवले की आपण अमुक का केले याची कारणे माणसे अनेकदा मागाहून रचतात. म्हणून आत्मनिरीक्षणात ‘का’पेक्षा ‘केव्हा’ आणि ‘काय’ हे प्रश्न अधिक भरवशाचे.

मराठी वाचकाला येथे सत्त्व, रज, तम हे त्रिगुण आठवतील. मात्र गीतेच्या चौदाव्या अध्यायात हे गुण एकमेकांना दाबून आलटूनपालटून वर येतात. तिथे माणूस एका खणात कायमचा बसत नाही. वात, पित्त, कफ ही आयुर्वेदातली प्रकृती तर वैद्य तपासून ठरवतो.

स्वतःला काय दिसते आणि इतरांना काय, याचा अभ्यास सिमिन वझीर यांनी २०१० मध्ये मांडला. चिंता, अस्वस्थता अशा आतल्या गोष्टी आपल्यालाच अधिक अचूक कळतात. बुद्धिमत्ता, सर्जनशीलता यांसारख्या अहंकाराशी जोडलेल्या गुणांबाबत मित्रांचा अंदाज अधिक खरा ठरतो. त्यामुळे अनुभवी मार्गदर्शक रोजनिशीसोबत दोन-तीन जवळच्या माणसांचे मतही मागवतात, आणि दोन्हींत मेळ बसत नसेल तिथूनच बोलायला सुरुवात करतात.