एक आडनाव, दोन घराणी: गोदरेज इंडस्ट्रीज ग्रुप आणि गोदरेज एंटरप्रायझेस ग्रुप

गोदरेजचे कपाट, गोदरेजचे कुलूप, सिंथॉल साबण, गुडनाइट आणि विक्रोळीचा टू बीएचके हे सगळे एकाच मालकाचे, असे बहुतेक लोक आजही धरून चालतात. ३० एप्रिल २०२४ रोजी गोदरेज कुटुंबाने वाटणी जाहीर केली आणि त्या दिवसापासून हे खरे राहिले नाही. आता गोदरेज नावाचे दोन स्वतंत्र समूह आहेत. नाव दोघांचेही तेच, मुख्यालये दोघांचीही विक्रोळीत, म्हणून गोंधळ होतो. शेअर घेणारा, घर घेणारा आणि तक्रार करणारा, तिघांनाही याचा फटका बसू शकतो.

आधी कोणाकडे काय आहे ते पाहू.

गोदरेज इंडस्ट्रीज ग्रुप आदी गोदरेज आणि नादिर गोदरेज या भावांच्या शाखेकडे आहे. शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या पाचही कंपन्या याच समूहात येतात: गोदरेज इंडस्ट्रीज, गोदरेज कन्झ्युमर प्रॉडक्ट्स, गोदरेज प्रॉपर्टीज, गोदरेज ॲग्रोव्हेट आणि ॲस्टेक लाइफसायन्सेस. गृहकर्ज देणारी गोदरेज कॅपिटलही इथलीच. म्हणजे साबण, डासांचे औषध, केसांचा रंग, पशुखाद्य, फ्लॅट आणि कर्ज या बाजूला.

गोदरेज एंटरप्रायझेस ग्रुप जमशेद गोदरेज आणि त्यांची बहीण स्मिता क्रिष्णा यांच्या शाखेकडे आहे. या समूहाचा कणा एकच कंपनी आहे, गोदरेज अँड बॉईस, आणि ती सूचिबद्ध नाही. कुलुपे, तिजोऱ्या, कपाटे, इंटेरिओ या ब्रँडचे फर्निचर, फ्रीज, वॉशिंग मशीन, फोर्कलिफ्ट आणि कारखान्यांची अवजड यंत्रसामग्री इथे तयार होते. इस्रोच्या रॉकेटांतल्या विकास इंजिनाचे आणि ब्रह्मोस क्षेपणास्त्राच्या भागांचे कामही इथलेच. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे विक्रोळीची जमीन या बाजूला आहे.

म्हणजे घरे बांधून विकणारी सूचिबद्ध कंपनी एका शाखेकडे आणि मुंबईतल्या सर्वात मोठ्या खासगी जमिनींपैकी एक दुसरीकडे. बाकीचा बहुतेक गोंधळ या एका गोष्टीतून निघतो. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

अर्देशिर गोदरेज वकिली सोडून उद्योगात आले. शस्त्रक्रियेच्या अवजारांचा पहिला धंदा चालला नाही. १८९७ मध्ये त्यांनी लालबागला कुलुपांचा कारखाना काढला, आणि दोन्ही समूह आपला जन्म त्याच वर्षापासून मोजतात. ‘बॉईस’ हे सुरुवातीच्या भागीदाराचे नाव. तो भागीदार लवकरच बाहेर पडला, नाव मात्र कायम राहिले. कुलुपांनंतर तिजोऱ्या आल्या, १९१८ च्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण आला आणि १९२३ मध्ये पोलादी कपाटे आली. अर्देशिर यांनी टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले होते. १९२१ मधली ही रक्कम होती, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे मोल कळते. पुढे ते धाकटे भाऊ पिरोजशा यांच्या हाती कारभार सोपवून नाशिकला शेती करायला गेले. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आजच्या वाटणीची मुळे पिरोजशांच्या काळात आहेत. लोखंड-पोलादाचा धंदा एका कंपनीत आणि साबण-तेलाचा दुसऱ्या कंपनीत असे तेव्हाच झाले. गोदरेज अँड बॉईसची नोंदणी १९३२ ची. १९४० च्या दशकात पिरोजशांनी विक्रोळीची जमीन घेतली तीही गोदरेज अँड बॉईसकडे गेली. तेव्हा विक्रोळी शहराबाहेर होती, एका बाजूला ठाण्याची खाडी आणि दलदल. कारखाने, कामगारांची वसाहत, शाळा हे सगळे तिथे नंतर उभे राहिले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या याच कारखान्यात बनल्या.

पिरोजशांचे तीन मुलगे सोहराब, बुर्जोर आणि नवल, आणि मुलगी डोसा. बुर्जोर यांचे मुलगे आदी आणि नादिर. नवल यांची मुले जमशेद आणि स्मिता. सोहराब २००० साली वारले आणि समूहाचे अध्यक्षपद आदींकडे आले. तोपर्यंत व्यवहारात विभागणी झालीच होती. आदी आणि नादिर साबण-रसायनांच्या बाजूला, जमशेद गोदरेज अँड बॉईसमध्ये. पण शेअर एकमेकांत गुंतलेले होते आणि संचालक मंडळांवर चुलतभाऊ एकमेकांच्या शेजारी बसत होते. २०२४ मध्ये सुटली ती ही गुंतागुंत. आदी आणि नादिर गोदरेज अँड बॉईसच्या मंडळावरून उतरले, जमशेद गोदरेज कन्झ्युमर आणि गोदरेज प्रॉपर्टीजच्या मंडळांवरून उतरले, आणि परस्परांतले शेअर ज्याच्या त्याच्या बाजूला गेले. उद्योगघराण्यांच्या वाटण्या आपल्याकडे सहसा कोर्टात लढल्या जातात. ही मात्र चर्चेतून झाली आणि दोन्ही बाजूंनी एकत्र निवेदन काढले. माझ्या मते यातला सर्वात कौतुकाचा भाग हाच आहे.

नेतृत्व आज असे आहे. इंडस्ट्रीज बाजूला नादिर गोदरेज यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये आदींकडून गोदरेज इंडस्ट्रीजचे अध्यक्षपद घेतले. वाटणीनंतर ते समूहाचे अध्यक्ष झाले आणि आदींचे पुत्र पिरोजशा कार्यकारी उपाध्यक्ष. ऑगस्ट २०२६ मध्ये पिरोजशा अध्यक्ष होतील, असे वाटणीच्या वेळीच जाहीर केले होते. हे आजच्या पिढीतले पिरोजशा, पणजोबांचेच नाव असलेले. जुन्या कागदपत्रांत नाव आले की कोणते पिरोजशा ते तारखेवरून ओळखावे. गोदरेज प्रॉपर्टीजचे कार्यकारी अध्यक्ष ते २०१७ पासून आहेत. त्यांची बहीण निसाबा गोदरेज कन्झ्युमर सांभाळतात. एंटरप्रायझेस बाजूला जमशेद गोदरेज अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक आहेत, आणि स्मिता क्रिष्णा यांची कन्या नायरिका होळकर कार्यकारी संचालक.

आता ‘गोदरेज इंडस्ट्रीज’ हे नाव. समूहाचेही तेच आणि समूहातल्या एका कंपनीचेही तेच, म्हणून इथे दुहेरी घोटाळा होतो. ही कंपनी १९८८ मध्ये गुजरात-गोदरेज इनोव्हेटिव्ह केमिकल्स या नावाने स्थापन झाली. पुढे तिच्यात गोदरेज सोप्स विलीन झाली आणि तिने तेच नाव घेतले. २००१ मध्ये साबण आणि इतर घरगुती वस्तूंचा धंदा वेगळा काढून गोदरेज कन्झ्युमर प्रॉडक्ट्स झाली. जी उरली ती गोदरेज इंडस्ट्रीज. तिचा स्वतःचा धंदा तेलजन्य रसायनांचा आहे: फॅटी ॲसिड, फॅटी अल्कोहोल, ग्लिसरीन. कारखाने वालिया आणि अंबरनाथला. पण तिचे खरे मोल तिच्याकडच्या इतर कंपन्यांच्या शेअरांत आहे. कन्झ्युमरचा सुमारे पाव हिस्सा, प्रॉपर्टीजचा निम्म्याहून थोडा कमी, ॲग्रोव्हेटचा सुमारे दोन-तृतीयांश, शिवाय वित्तव्यवसाय. थोडक्यात ही गुंतवणूक धारण करणारी, म्हणजे होल्डिंग कंपनी आहे.

तिचा ताळेबंद वाचताना दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले ठिकाण एकत्रित निकालांचे. प्रॉपर्टीज आणि ॲग्रोव्हेट तिच्या उपकंपन्या म्हणून धरल्या जातात, त्यामुळे त्यांची पूर्ण उलाढाल एकत्रित आकड्यात येते. कन्झ्युमर ही सहयोगी कंपनी आहे, तिची उलाढाल येत नाही, फक्त नफ्यातला वाटा येतो. म्हणून समूहातल्या सर्वात बड्या नावांपैकी एक कन्झ्युमर उलाढालीत दिसतच नाही, आणि प्रॉपर्टीजचा निम्म्याहून जास्त भाग बाहेरच्या भागधारकांचा असूनही तिची उलाढाल पूर्ण दिसते. निव्वळ नफा बघताना नेहमी ‘मालकांच्या वाट्याचा’ ही ओळ पाहावी, वरची एकूण बेरीज नाही.

दुसरे ठिकाण किमतीचे. हिशेब सोपा आहे. प्रत्येक सूचिबद्ध कंपनीत किती शेअर आहेत त्याला त्या दिवसाच्या भावाने गुणायचे, सगळ्यांची बेरीज करायची, रसायने आणि वित्तव्यवसायाची अंदाजे किंमत मिळवायची, आणि कर्ज वजा करायचे. येणारा आकडा बाजारातल्या किमतीपेक्षा बराच मोठा निघतो. ‘स्वस्त मिळतोय’ म्हणून लोक घेतात आणि वर्षानुवर्षे तो फरक तसाच राहतो. कारणे ठोस आहेत. प्रवर्तक, म्हणजे गोदरेज कुटुंब, हे शेअर विकणार नाहीत, कारण समूहाचा ताबा त्यांच्यावर टिकतो. विकले तर भांडवली नफ्यावर कर लागेल. आणि हाती आलेला पैसा भागधारकाला देण्याऐवजी नव्या व्यवसायात, उदाहरणार्थ कर्जव्यवसायात, घालायचा की नाही, हे कंपनी ठरवते. होल्डिंग कंपनीला सवलतीचा भाव मिळणे हे बाजारात नेहमीचे आहे, फक्त तेवढ्यावर शेअर घेऊ नये.

विक्रोळीच्या जमिनीवर येऊ. वर्तमानपत्रांत येणारे आकडे साधारण असे: एकूण तीन हजार एकरांहून जास्त, त्यातले सुमारे हजार एकर विकासयोग्य, सुमारे पावणेदोन हजार एकर खारफुटी, आणि काही भागावर अतिक्रमण. खारफुटीला हात लावता येत नाही. तिथे १९८५ पासून सुनाबाई पिरोजशा गोदरेज सागरी परिसंस्था केंद्र काम करते आहे, आणि ठाणे खाडीच्या काठी इतके सलग जंगल टिकले याचे श्रेय त्या कामाला द्यायलाच हवे. म्हणून ‘तीन हजार एकर गुणिले मुंबईचा भाव’ हा हिशेब मुळातच चुकीचा आहे.

ही जमीन गोदरेज अँड बॉईसची आहे, हे बुलेट ट्रेनच्या प्रकरणातही स्पष्ट दिसले. मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी विक्रोळीत सुमारे दहा एकर जागा हवी होती. सप्टेंबर २०२२ मध्ये २६४ कोटी रुपयांच्या भरपाईचा निवाडा झाला. त्याला आव्हान दिले गोदरेज अँड बॉईसने, गोदरेज प्रॉपर्टीजने नाही. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये याचिका फेटाळली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही.

मग विक्रोळीत गोदरेज प्रॉपर्टीजचे प्रकल्प कसे? दोन वाटांनी. ‘द ट्रीज’ जिथे उभे आहे ती गोदरेज इंडस्ट्रीजच्या जुन्या साबण कारखान्याची जागा, म्हणजे पहिल्यापासून याच बाजूची. गोदरेज अँड बॉईसच्या जमिनीवरच्या प्रकल्पांत प्रॉपर्टीज विकास व्यवस्थापक म्हणून काम करते. जमीन आणि खर्च मालकाचा, आराखडा, बांधकामाची देखरेख आणि विक्री प्रॉपर्टीजची, त्याबद्दल विक्रीतून ठरावीक टक्के मोबदला. या रचनेत विकासकाला भांडवल कमी लागते, पण जमिनीच्या वाढत्या किमतीचा मोठा भाग मालकाकडे राहतो. प्रॉपर्टीज किंवा इंडस्ट्रीजचा शेअर ‘विक्रोळीसाठी’ घेणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे. ती जमीन ज्या कंपनीकडे आहे तिचा शेअर बाजारात विकत मिळत नाही.

घर घेणाऱ्याने नाव नीट पाहण्याची कारणे आणखी व्यावहारिक आहेत. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्प उघडला की प्रवर्तक (इथे प्रकल्प उभारून विकणारा) कोण आणि जमीनमालक प्रवर्तक कोण हे वेगवेगळे दिसते. दोन्ही नावे जाहिरातीतल्या ‘गोदरेज’ शी नाही, तर विक्री करारातल्या पक्षांच्या नावांशी ताडून पाहावीत. प्रॉपर्टी कार्डवरचे नाव तिसऱ्यांदा तपासावे. पैसे कोणत्या कंपनीच्या खात्यात भरायचे ते करारात स्पष्ट असले पाहिजे. करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे रचनात्मक दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी प्रवर्तकाची असते, म्हणून तो नेमका कोण हे आज लिहून घेणे पुढे उपयोगी पडते.

शेअर किंवा ठेवीच्या कागदांवर सर्वात भरवशाची खूण म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, सीआयएन. तो २१ अक्षरांचा असतो. पहिले अक्षर एल म्हणजे सूचिबद्ध, यू म्हणजे असूचिबद्ध. मग उद्योगाचे पाच अंक, राज्याची दोन अक्षरे आणि नोंदणीचे वर्ष. गोदरेज अँड बॉईसचा क्रमांक यूने सुरू होतो आणि त्यात १९३२ येते. गोदरेज इंडस्ट्रीजच्या क्रमांकात १९८८, प्रॉपर्टीजच्या क्रमांकात १९८५. प्रॉपर्टीजची नोंदणी १९८५ मध्ये सी ब्रीझ नावाच्या कंपनीची झाली होती, गोदरेजचे नाव तिला १९९० मध्ये मिळाले. ‘गोदरेजचे असूचिबद्ध शेअर’ म्हणून कोणी काही विकू पाहत असेल तर हा क्रमांक मागावा आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा.

वस्तू नादुरुस्त झाली तर लोगो पाहून चालत नाही, वेष्टनावरचे उत्पादकाचे नाव वाचावे लागते. फ्रीज, कुलूप किंवा इंटेरिओच्या पलंगाची तक्रार गोदरेज अँड बॉईसकडे, साबण किंवा गुडनाइटची गोदरेज कन्झ्युमरकडे. चुकीच्या कंपनीला पाठवलेली नोटीस तिच्यासाठी निरर्थक असते, आणि ग्राहक आयोगात चुकीचा प्रतिवादी केला तर दुरुस्तीचा अर्ज करण्यात महिने जातात.

ब्रँडच्या बाबतीत दोन्ही समूह गोदरेज नाव वापरत राहणार आहेत. वाटणीच्या वेळी आलेल्या बातम्यांनुसार दोघांनी सहा वर्षे एकमेकांच्या धंद्यात न उतरण्याचे ठरवले आहे, आणि त्यानंतर उतरायचे झाले तर गोदरेज नाव न वापरता. ही मुदत २०३० मध्ये संपते. इंडस्ट्रीजचा समूह त्यानंतर फर्निचर विकू लागला किंवा एंटरप्रायझेसचा समूह साबण, तर दुकानात त्यावर दुसरेच नाव दिसेल.