वडिलांच्या नावावरची शेतीसंरक्षण बंदूक: त्यांच्या पश्चात वारसाने काय करायचं

सिंधुदुर्ग, रत्नागिरी, आजरा, चंदगड या पट्ट्यात बऱ्याच घरांत ठासणीची नाहीतर काडतुसाची एखादी जुनी बंदूक असते. परवाना शेतीसंरक्षणाचा आणि घरातल्या कर्त्या माणसाच्या नावावर. तो माणूस गेला की बंदूक खुंटीला तशीच राहते आणि परवान्याचं पुस्तक कपाटात. जमीन वारसाने आली तशी बंदूकही आली, असा घरच्यांचा समज असतो. अर्ज घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेक जण इथेच अडकलेले असतात, म्हणून आधी हेच स्पष्ट सांगतो: परवाना वारसाने मिळत नाही. परवानाधारक गेला त्या दिवसापासून ती बंदूक घरात विनापरवाना आहे.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ सांगतं की ताबा कायदेशीर राहिला नाही की शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. या कलमात दिवसांचा आकडा नाही. त्यामुळे तेरावं होऊ दे, मग वर्षश्राद्ध होऊ दे, असं करत लोक लांबवतात. पुढे चौकशीत पहिला प्रश्न येतो: इतके महिने बंदूक कुणाकडे होती? त्याला चांगलं उत्तर नसतं. दिवसकार्य आटोपण्याची वाटही पाहू नका.

मात्र बंदूक खांद्याला लावून थेट ठाण्यात जाऊ नका. वडील हयात असताना त्यांच्या लेखी अधिकारपत्रावर तुम्ही ती दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला नेऊ शकत होतात. ती सवलत त्यांच्याबरोबर संपली. आधी मृत्यूचा दाखला आणि परवान्याचं पुस्तक घेऊन ठाण्यात जा, लेखी अर्ज द्या, पोलीस पाटलांना कळवा आणि ठाणेदार सांगतील तशी बंदूक न्या. शिल्लक काडतुसं, दारू, छरे हेही जमा करायचे असतात. हे हमखास विसरलं जातं.

पावती घेताना नळीवरचा क्रमांक पुस्तकातल्या क्रमांकाशी समोरासमोर जुळवून घ्या. जुन्या नळीवर गंज चढून ३ चा ८ दिसतो, पुस्तकात तिसरंच काही लिहिलेलं असतं आणि फाईल महिनोन्महिने एका आकड्यावर थांबते. फरक दिसला तर तिथल्या तिथे पावतीवर नोंदवून घ्या. निवडणुकीसाठी बंदूक जमा असतानाच परवानाधारक वारले, असंही होतं. अशा वेळी ठाणं ती वारसाला परत देत नाही आणि त्यात ठाण्याची चूक नाही. ती निवडणुकीची पावती मात्र जपून ठेवा.

एकदा जमा केली की कधीही सोडवता येईल, हाही गैरसमज. वारसाने परवाना मिळवून बंदूक परत घेण्याला किंवा ती विकण्याला मुदत असते. ती उलटली तर जिल्हादंडाधिकारी बंदूक सरकारजमा करू शकतात. जमा करतानाच ही मुदत विचारा आणि लिहून घ्या.

आता अर्ज. वय २१ पूर्ण हवं. अर्ज नमुना ए-१ मध्ये, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे. फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि राहण्याचा पुरावा यांत सहसा अडचण येत नाही. मूळ परवान्यावर यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदणीचा क्रमांक, आहे का ते आधी पाहा. हाताने लिहिलेल्या जुन्या पुस्तकांवर तो अनेकदा नसतो.

खरा खोळंबा सातबाऱ्याचा. शेतीसंरक्षणासाठी परवाना मागता, तर शेती तुमची आहे हे दाखवावं लागतं. आणि सातबारा अजून आजोबांच्या नावावर, खाली सामाईकात चुलते, आत्या, त्यांची मुलं! आधी वारस फेरफार मंजूर करून घ्या, मगच अर्ज करा. उलट क्रमाने गेलात तर त्रुटीचं पत्र येणार हे नक्की. दुसरा खोळंबा भावंडांच्या ना-हरकतीचा. मुंबईला असलेले भाऊ आणि लग्न झालेल्या बहिणीही वारस आहेत. त्यांची प्रतिज्ञापत्रं गणपतीला सगळे घरी येतात तेव्हाच करून ठेवा.

वैद्यकीय दाखला शारीरिक आणि मानसिक अशा दोन्ही तंदुरुस्तीचा लागतो आणि व्यसन नसल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. फॅमिली डॉक्टरच्या लेटरहेडवरच्या दोन ओळी परत येतात.

पोलीस अहवालात बांधाच्या भांडणातली जुनी ‘चॅप्टर केस’, म्हणजे शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेण्याची कारवाई, हटकून वर येते. कायद्यातली अपात्रता शांतता राखण्याच्या बंधपत्राची मुदत चालू असेपर्यंतच असते. मुदत संपली असेल तर त्या आदेशाची प्रत अर्जासोबतच जोडा. कार्यालयाने स्वतःहून ती शोधावी ही अपेक्षा रास्त आहे, पण तशी ती शोधली जात नाही.

राधानगरीसारख्या अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहत असाल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे नव्या परवान्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसहमती लागते. वारसाच्या नावे निघणारा परवानाही नवाच, म्हणून ती मागितली जाऊ शकते. कार्यालय हे बरेचदा शेवटी सांगतं, तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा. परवाना मिळाला तरी रानडुक्कर मारायची मुभा मिळाली असं होत नाही. ती परवानगी वनखात्याची, वेगळी.

बंदूक नकोच असेल तर परवाना प्राधिकाऱ्याची परवानगी घेऊन ती विक्रेत्याला किंवा दुसऱ्या परवानाधारकाला विकता येते. विहिरीत टाकणं किंवा शेजाऱ्याला देऊन टाकणं, दोन्ही अंगाशी येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला कलम २५ खाली किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद, शिवाय दंड. शेजाऱ्यालाही हेच लागू. वारशाने आलेली धरून एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत, त्यामुळे स्वतःच्या दोन असलेल्या मुलाने तिसरीसाठी अर्ज करू नये.

अर्ज नामंजूर झाला तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका. कारणं लेखी नोंदवणं प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे आणि मागितल्यावर ती द्यावी लागतात. सार्वजनिक हिताचा अपवाद तेवढा आहे. अपिलाला तीस दिवस मिळतात, म्हणून आदेश हातात पडल्याची तारीख पाकिटासकट जपून ठेवा.