गहाण सोन्याचा प्रश्न (गोवा)

गोवामुक्तीनंतर भारत आणि पोर्तुगाल यांच्यात मालमत्ता व दावे यांविषयी ज्या वाटाघाटी झाल्या, त्यांतील गोवेकरांच्या सर्वांत जिव्हाळ्याचा विषय म्हणजे बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेकडे गहाण पडलेले दागिने. पराभूत राष्ट्राने विजेत्याला द्यावयाच्या युद्धखंडणीचा हा प्रकार नव्हता. प्रश्न सामान्य कुटुंबांच्या सोन्याचा होता आणि तो सोडवायला दोन सरकारांना तीस वर्षे लागली.

लिस्बनमध्ये १८६४ साली स्थापन झालेल्या या बँकेची शाखा १८६८ मध्ये पणजीत, म्हणजे त्या काळच्या नव्या गोव्यात, उघडली. चलनी नोटा काढणारी ही बँक सोने तारण घेऊन कर्जही देत असे. गोव्यातल्या घरात सोने केवळ अंगावर घालण्यासाठी नसते. मुलीचे लग्न निघाले, कोणी अंथरुणाला खिळले किंवा मुलाला मुंबईला वा आफ्रिकेला धाडायचे ठरले, की पाटल्या, गोठ, साखळी असे डाग बँकेत जात आणि घरी पावती येई. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य येण्याच्या सुमारास हे सोने लिस्बनला हलवण्यात आले. १९ डिसेंबरला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली, तेव्हा पावत्या गोव्यातल्या पेट्यांत होत्या आणि डाग समुद्रापार गेले होते.

मागायचे तरी कोणाकडे? दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध १९५५ मध्येच तुटले होते आणि गोवा हातचा गेला हे पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांची राजवट मान्यच करीत नव्हती. उलट मोझांबिकमधील भारतीय नागरिकांना तिने स्थानबद्ध केले आणि त्यांच्या मालमत्तेवर टाच आणली, त्यामुळे भारताच्या बाजूने आणखी एका दाव्याची भर पडली.

२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये सत्तापालट झाला आणि ही कोंडी फुटली. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेस आणि भारताचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी करारावर सह्या केल्या. गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेली हे प्रदेश ज्या ज्या तारखेला संविधानानुसार भारताचे भाग झाले, त्या तारखेपासूनच पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. या पूर्वलक्षी मान्यतेचे महत्त्व फार मोठे आहे. १९६१ ची कारवाई बेकायदा ठरवून तिच्या नुकसानभरपाईचा वाद घालण्यास तिने जागाच उरू दिली नाही. नागरिकांची मालमत्ता आणि दावे यांचे प्रश्न मात्र पुढील द्विपक्षीय वाटाघाटींवर सोपवले गेले, आणि गहाण सोने त्यातच अडकून राहिले.

राज्याचा प्रश्न एका कलमाने मिटला, पाटल्यांचा मात्र आणखी सतरा वर्षे रेंगाळला. अखेर १९९१ मध्ये पोर्तुगालने दागिने भारताला परत केले आणि स्टेट बँक ऑफ इंडियामार्फत ते मूळ मालकांना किंवा त्यांच्या वारसांना देण्याचे काम हाती घेण्यात आले. तोवर गहाण ठेवणारे कित्येक जण निवर्तले होते. परत आले ते सोन्याचे मोल नव्हे, तर प्रत्यक्ष डाग होते. आईच्या हातातला गोठ लेकीच्या हाती पडणे ही गोष्ट कोणत्याही रकमेने साधली नसती.