शेक नव्हे, बुडबुडा

फिजिओथेरपीच्या खोलीतून बाहेर पडणारा जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, "मशिनचा शेक घेतला." गुडघा, खांदा, कंबर यांच्या बाबतीत ते थोडंफार खरंही असतं. पण त्या मशिनमधलं हेच अल्ट्रासाऊंड, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा आवाज, महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमांवरही वापरलं जातं, आणि तिथे शेकाची कल्पना घातक ठरू शकते. बऱ्याच मधुमेह्यांच्या पायांची संवेदना गेलेली असते. चटका बसला तरी कळत नाही. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. त्यामुळे हा गैरसमज दूर व्हायलाच हवा.

जखमेसाठी आवाज सहसा तुटक सोडतात. उदाहरणार्थ, २ मिलिसेकंद चालू, ८ मिलिसेकंद बंद. मधल्या वेळात वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं आणि ऊब नावापुरतीच उरते. मग काम करतं कोण?

बुडबुडा. मला या सगळ्या उपचारातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

ध्वनी म्हणजे दाबाची चढउतार, हे आपण शाळेत शिकलो. २० किलोहर्ट्झच्या वरचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. फिजिओथेरपीच्या यंत्रात तो १ किंवा ३ मेगाहर्ट्झचा असतो, म्हणजे दाब सेकंदाला १० ते ३० लाख वेळा चढतो आणि उतरतो. दाब उतरला की द्रवात विरघळलेला वायू सूक्ष्म बुडबुड्यांत शिरतो आणि ते फुगतात. दाब चढला की आकसतात. प्रत्येक आकाराच्या बुडबुड्याचा स्वतःचा स्वर असतो. वाहतं पाणी का खळखळतं, याचा विचार करताना मार्सेल मिनार्ट या खगोलशास्त्रज्ञाने १९३३ मध्ये त्याचं गणित मांडलं: बुडबुड्याची त्रिज्या मीटरमध्ये घ्या, कंप्रतेने, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येने, गुणा, उत्तर साधारण ३.३ येतं. या हिशेबाने १ मेगाहर्ट्झला साथ देणारा बुडबुडा सुमारे ३ मायक्रोमीटर त्रिज्येचा, जवळपास तांबड्या रक्तपेशीएवढा. ४० किलोहर्ट्झला साथ देणारा मात्र ८० मायक्रोमीटरचा.

स्वर जुळला की बुडबुडा जोरात धडधडतो आणि भोवतालच्या द्रवात इवलेसे भोवरे फिरू लागतात. एरवी पेशीला लगटून द्रवाचा एक पातळ थर जवळजवळ निश्चल असतो. न ढवळलेल्या चहात साखर तळाशी राहावी, तशी तिथली रसायनं तिथेच राहतात. भोवरे तो थर ढवळतात, पेशीच्या पटलावर ओढ पडते आणि कॅल्शियम आत शिरतं.

आवाज फार जोराचा असेल तर बुडबुडा फुगत जाऊन एकदम कोसळतो, आणि आतलं तापमान क्षणार्धासाठी हजारो अंशांवर जातं. कंप्रता कमी असेल तर फुगायला वेळ जास्त मिळतो, म्हणून ही कोसळण्याची क्रिया २० ते ४० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सहज घडते. जखमेवर जिवाणूंचा जो चिकट थर, बायोफिल्म, बसतो आणि अँटिबायोटिकला दाद देत नाही, तो खरवडायला हीच ताकद वापरतात. ४० किलोहर्ट्झचं एक यंत्र तर जखमेला शिवतही नाही. हवेतून येणारा ९९.९ टक्के आवाज त्वचेवरून परततो, म्हणून ते सलाइनचे बारीक तुषार उडवतं आणि त्यांच्यामार्फत आवाज पोचवतं.

पेशीच्या आत काय होतं, हे इंग्लंडमध्ये मार्क बास यांच्या गटाने उलगडलं. जखम भरायची तर फायब्रोब्लास्ट या त्वचेचा पाया विणणाऱ्या पेशींनी जखमेकडे सरकायला हवं. फायब्रोनेक्टिन हे प्रथिन पेशीवरच्या सिंडेकन-४ या ग्राहीला, म्हणजे बाहेरचा निरोप टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, त्यातून रॅक१ हे प्रथिन जागं होतं आणि पेशी पाऊल पुढे टाकते. वय आणि मधुमेह यांमुळे ही साखळी मंदावते. अल्ट्रासाऊंड सिंडेकन-४ ला बगल देऊन, कॅल्शियम आणि टायम१ हे प्रथिन यांच्या वाटेने थेट रॅक१ ला चालना देतं. शेफील्ड आणि ब्रिस्टल विद्यापीठांच्या २०१५ च्या शोधनिबंधात वयस्क आणि मधुमेही उंदरांच्या जखमा भरायला सुमारे एक तृतीयांश कमी वेळ लागला.

उंदीर बरे झाले, माणसांचं काय? लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये मेरी डायसन यांनी १९७६ मध्येच पायाच्या शिरांच्या विकारातून होणाऱ्या जखमांवर चांगला परिणाम नोंदवला होता. पण २०११ च्या 'व्हीनस ३' या मोठ्या चाचणीत, अशाच हट्टी जखमांच्या ३३७ रुग्णांमध्ये, आठवड्यातून एकदा असं १२ आठवडे अल्ट्रासाऊंड देऊनही काही फरक पडला नाही. उपचारांचे पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०१७ चा आढावाही म्हणतो की पुरावा फार कच्चा आहे. मला वाटतं, गोम मात्रेत असावी. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात फक्त २० रुग्णांवर चाचणी झाली. त्यात २० किलोहर्ट्झ आणि १५ मिनिटं घेतलेल्या पाचही जणांच्या जखमा चौथ्या खेपेपर्यंत भरल्या. वेळ तिप्पट करून फायदा वाढला नाही. पाच माणसांवरून मात्र उपचार ठरत नसतो.

म्हणूनच "लहरींनी हमखास जखम भरते" या जाहिरातींचा मला संताप येतो. तितकाच येतो "आंबट खाल्लं की जखम पिकते" या समजुतीचा. नवी त्वचा विणायला लागणारं कोलॅजन क जीवनसत्त्वाशिवाय नीट तयार होत नाही, आणि लिंबू-आवळा बंद करून आपण तेच तोडतो.

शिरांच्या जखमेवर आजही घट्ट दाबपट्टी हाच मुख्य उपाय आहे, पण ती बांधण्याआधी पायाच्या धमन्यांतून रक्त नीट वाहतंय का, हे तपासून घ्यावंच लागतं. मधुमेह्याच्या पायावरचा भार काढायचा, साखर आटोक्यात आणायची, मेलेली त्वचा काढून टाकायची. अल्ट्रासाऊंड यांच्या जोडीला घेता येईल, यांच्याऐवजी नाही. आणि घ्यायचं ठरलंच तर देणाऱ्याला विचारा: कंप्रता किती, दर चौरस सेंटिमीटरला वॅट किती, तुटक की सलग? उत्तर "शेक देतो हो" असं आलं, तर जखम झाकून दुसरीकडे जा.